तिशीतली ग्रंथी

रेवतीने आईच्या पुढे केलेल्या बोटांवर ठेवलेला कागद खिडक्या बंद असतानाही थरथरत होता. आज त्याची कडा कालपेक्षा जास्त हलत होती.

"झाली तुझी तपासणी? सोड आता, पंखे पुसायचेत," कमलिनीबाई म्हणाल्या.

गेल्या वर्षी थायरॉइडच्या गोळ्या त्यांच्या अंगी लागेनाशा झाल्या होत्या. भर मे महिन्यात स्वेटर घालून त्या भिंतीकडे बघत बसायच्या आणि रेवतीला, स्वतःच्या लेकीला, "बाई, तुम्ही कोणाच्या?" असं विचारायच्या. मग डॉक्टरांनी त्यांच्याच पेशींपासून प्रयोगशाळेत नवी ग्रंथी वाढवली आणि दंडात बसवली. आई परत आली. पण ग्रंथी तिशीतल्या बाईच्या वेगाने चालत होती; त्यानेच बोटं थरथरत होती, आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या हृदयाला तो वेग झेपत नव्हता. तिचा वेग कमी करता येत नव्हता. ती फक्त काढता येत होती. काढायची का, असं डॉक्टर रोज विचारायचे, रेवती रोज "उद्या सांगते" म्हणायची.

स्टुलावर चढता चढता कमलिनीबाई थबकल्या आणि छातीवर हात ठेवून खालीच बसल्या. रेवतीने त्यांचं मनगट धरलं. नाडी इतकी वेडीवाकडी पळत होती की ठोके मोजता येईनात.

"घाबरट कुठली! नुसती धाप लागलीय," त्या हसल्या. मग लेकीचा चेहरा बघून हळूच म्हणाल्या, "रेवा, मला परत त्या भिंतीपाशी नको गं बसवू."

रेवतीने मनगट सोडलं नाही. दुसऱ्या हाताने तिने फोन लावला.

"डॉक्टर, ग्रंथी काढा. आजच."