चुकीचा आलेख

एकोणऐंशी साली नाशकातल्या त्या शाळेत सातवीच्या तुकड्या मार्कांवर पाडत. हुशार पोरं ‘अ’मध्ये आणि उरलासुरला गाळ ‘ड’मध्ये. ‘गाळ’ हा शब्द हेडमास्तरांचा. तो ऐकला की ‘ड’ला गणित शिकवणाऱ्या गांगुर्डेबाईंच्या तळपायाची आग मस्तकात जाई.

"‘ड’ला कसले स्तंभालेख शिकवताय? पाढे तरी येतात का त्यांना?" हेडमास्तर सगळ्यांदेखत हसले. बाई तरातरा वर्गात आल्या. "शाळेत जे मोजता येईल ते मोजा आणि त्याचा आलेख काढून आणा. बघतेच मी, कोण गाळ म्हणतं ते!"

सातचा पाढा कधीच पुरा न म्हणता आलेल्या चांगुणाने आलेख आणून भिंतीवर लावला. महिन्याभरात सातवीच्या कुठल्या तुकडीने किती छड्या खाल्ल्या, त्याचा. एक छडी, एक चौकोन. ‘अ’चा स्तंभ करंगळीएवढा, ‘ड’चा पार कागदाच्या वरच्या कडेला टेकत आलेला.

हेडमास्तरांनी तो पाहिला आणि ते लालबुंद झाले. "शाळेची बदनामी करता? साफ चुकीचा आलेख आहे हा!" बाई मध्ये पडेपर्यंत त्यांनी चांगुणाच्या तळहातावर सपकन छडी ओढली आणि निघून गेले.

चांगुणाने हात झटकला, दुसऱ्या हातात पेन्सिल घेतली आणि ती भिंतीपाशी गेली.



"सरांचं खरं हाय, बाई. आपला एक चौकोन कमी पडतोय."