कडेनं बघ

वडील वेंडेल यांची पिकअप गाडी पुन्हा एकदा फाटकाच्या खांबाला घासली, म्हणून कॉरिन या अमावास्येला त्यांच्याबरोबर तारे बघायला टेक्सासच्या माळावर आली होती. बाबांना नीट दिसतं का, एवढंच तिला बघायचं होतं. दिसत नसेल, तर गाडीच्या किल्ल्या काढून घ्याव्या लागणार होत्या.

"खांबच पुढे आला होता," असं पुटपुटत वेंडेलनी आपली पुरुषभर उंचीची दुर्बीण वळवली आणि शिडीवर चढून डोळा लावला. "सापडली. अगदी फिकट दीर्घिका आहे. दोन ताऱ्यांच्या मधे, डावीकडे कललेली. ये, बघ."

कॉरिन वर चढली. तिला दोन तारे दिसले, मधे नुसता काळोख. बाबा आठवणीतलंच सांगत होते की काय?

"रोखून बघू नकोस, पोरी. रोखलंस की ती पळते. नजर जरा बाजूला ने आणि कडेनं बघ."

तिनं नजर सरकवली. काचेवर श्वास सोडावा तसा पुसट डाग उमटला. डावीकडे कललेला.

ती हसतच खाली उतरली. "तुमची नजर माझ्याहून तेज आहे, बाबा. किल्ल्या ठेवा तुमच्याकडेच."

लाल बॅटरीच्या उजेडात वेंडेलही हसले, पण तिच्या खांद्यापलीकडे बघत.

"बाबा, माझ्याकडे बघा ना."

"तुझ्याकडेच बघतोय," ते तसेच पलीकडे बघत म्हणाले. "रोखून बघितलं, तर तुझा चेहरा नाहीसा होतो."