चढता आलेख

ब्लॉगला मिळणाऱ्या भेटींचा आलेख वर्षभर हळूहळू वर चढत होता, आणि त्या एका रेषेच्या भरवशावर धाकट्याने लिहिणे सोडले नव्हते. संकेतस्थळांचेच काम करणाऱ्या वहिनीला आज त्याने, खूप संकोचून, तो दाखवला.

“अहो लेखकराव, कुणाला पत्ता लागू न देता एवढी मजल मारलीत!” वहिनी हसली. मग पडद्याजवळ सरकून पाहता पाहता तिचे हसू ओसरले. “भावोजी, या सगळ्या भेटी आपल्याच घरातून झाल्यात. दिवसातून किती वेळा उघडता हो तुम्ही ब्लॉग?”

“कुणी आलंय का, एवढंच बघायला उघडतो.”

“तेच मोजलं गेलंय सगळं. स्वतःच्या भेटी आधीच वगळायच्या असतात.” तिने एका चौकटीत खूण केली. रेषा तळाशी जाऊन निपचित पडली.

त्या सपाट रेषेवरून नजर न हलवताच तो म्हणाला, “वहिनी, ती खूण काढून टाका ना. निदान कुणीतरी येत होतं.”