यानातलं एक मिनिट

दर वर्षी याच दिवशी सत्तरीच्या वत्सलाबाई अंतराळ संग्रहालयात येत. त्या सहा वर्षांच्या असताना त्यांचे बाबा नव्या यानाच्या चाचणीला गेले आणि यानाचा वेग आवरलाच नाही. पृथ्वीवर वर्ष सरे, तेव्हा यानात जेमतेम मिनिट होई. बाबांना हे ठाऊकच नव्हतं. वर्षभर ताणून येणारा त्यांचा आवाज संग्रहालयात जोडून ऐकवत आणि इथलं उत्तर तसंच ताणून यानाकडे पाठवत.

“आजी, यंदाचं आलंय,” दालन सांभाळणारी मृणाल म्हणाली.

स्पीकरमधून तरुण आवाज आला, “वच्छे, तासभर उशीर झाला गं. रडली नाहीस ना? आई आहे ना जवळ?”

आईला जाऊन तीस वर्षं झाली होती.

“आता तरी खरं सांगायचं त्यांना?” मृणालनं विचारलं.

वत्सलाबाईंनी माइक जवळ ओढला आणि आवाज जमेल तितका बारीक केला.

“नाही रडले, बाबा. आई पोळ्या करतेय. तुम्ही या सावकाश.”