डब्यातल्या तीन नाळा

शवपेटी अंगणात मांडली होती, पण तिच्यात ठेवायला रोदेलचं काहीच सापडलं नव्हतं. समुद्रानं होडी परत दिली, पोरगा दिला नाही. तिकडे चर्चमध्ये फादर खोळंबले होते.

एकाएकी रोदेलची आई, नेनिता, आत धावली आणि बिस्किटांचा गंजका डबा घेऊन आली. त्यात तिच्या तिन्ही लेकरांच्या वाळलेल्या नाळा होत्या, एकाच दोऱ्यानं बांधलेल्या. आमच्याकडे सगळ्याच आया अशा बांधून ठेवतात. भावंडं जन्मभर एकमेकांना धरून राहावीत म्हणून.

"हा त्याच्या देहाचाच तुकडा की रे!" ती रडता रडता हसली. "माझा रोदेल रिकाम्या पेटीनं नाही जायचा."

तिनं दोरा सोडला. तीन काळपट, वाळके तुकडे तळहातावर आले. ती एकेक उलटसुलट करून बघू लागली.

"आटप गं ताई," तिचा भाऊ इस्को म्हणाला. "यातली त्याची कुठली?"

ती तरी कशी सांगणार हो? थोरला रोदेल, मधली मर्ली, धाकटा जोमार, तिघांच्या नाळा एकसारख्या. आणि जित्या पोराची नाळ पेटीत गेली, तर माती त्याला बोलावून घेते, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक.

मर्ली पुढे झाली. "दे ना आई कुठलीही. माझी गेली तर गेली. दादाला सोबत होईल."

नेनितानं फाडकन तिच्या तोंडात मारली. मग तिलाच उराशी धरून हंबरडा फोडला. बघवत नव्हतं.

रडून झाल्यावर तिनं एकेक नाळ नाकाशी नेली. आमच्याकडे तान्ह्या बाळाचे लाड हुंगूनच करतात, तशी ती डोळे मिटून हुंगत राहिली. पुन्हा पुन्हा.

"मी आई ना त्याची? मला कळायला नको?"

"कसला वास येतोय?" मर्लीनं हळूच विचारलं.

"माझाच. तिन्हींना माझाच येतोय गं."

मग तिनं तिन्ही नाळा एकत्र धरल्या, दोरा गुंडाळला, दातांनी गाठ आवळली.

"न्या ती पेटी, पुरा तशीच रिकामी," ती इस्कोला म्हणाली. "रोदेल इथंच आहे, भावंडांपाशी."