कपाटातले चाळीस अंश

“आधी चहा घे, मग पोटात काय आहे ते ओठांवर येऊ दे,” सर म्हणाले.

तिनं कप उचलला आणि तसाच खाली ठेवला. बावन्न वर्षांची बाई, उद्यापासून एका औषध कंपनीच्या तपासणी विभागाची प्रमुख होणार, आणि सरांसमोर बसताना हात अजून विद्यार्थिनीसारखे मांडीत घट्ट धरलेले. एक गोष्ट सरांना सांगितल्याशिवाय त्या खुर्चीत बसायचं नाही, असं तिनं ठरवलं होतं. पण ऐकून सरांनी तोंडच फिरवलं तर? याच भीतीनं ती तीस वर्षं या घराकडे फिरकली नव्हती.

तीस वर्षांपूर्वी कॉलेजनं तिला दोन महिन्यांसाठी औषधाच्या कारखान्यात, सरांच्या प्रयोगशाळेत धाडलं होतं. काय दिवस होते ते! अ‍ॅप्रन एवढा ढगळ मिळाला, की त्यात तिच्यासारख्या दोघी मावल्या असत्या. उंच नि हडकुळी म्हणून पहिल्याच दिवशी तिचं नाव पडलं, परीक्षानळी. काचसामान धुणाऱ्या मावशी लांबूनच हाका मारायच्या, “ए परीक्षानळे, वरच्या फळीवरचा फ्लास्क काढून दे गं, माझा हात कुठला पोचायला!”

सरांनाही पाठीमागं नाव होतं, थेंबसाहेब. एक थेंब जास्त पडला, की सगळं मोरीत ओतून पहिल्यापासून करायला लावायचे. चिडायचे मात्र कधी नाहीत. “घाई आहे कुणाला? सिरपला नाही, मला नाही. तुलाच तेवढी!” असं म्हणून समोर स्टूल घेऊन बसायचे. तिला अजून कुठं स्पिरिटचा वास आला, की ती खिडकी, ते स्टूल आणि सरांचं ते बसणं आठवायचं. घरी वडील तर गल्लीभर सांगत सुटले होते, आमची पोरगी औषधं करते म्हणून.

तिच्याकडे एका गरम कपाटाचं काम होतं. सिरप किती टिकतं ते पाहायला बाटल्या त्यात महिनोन्‌महिने ठेवायच्या. कपाटाच्या डोक्यावरच्या भोकात थर्मामीटर खोचलेला असे. दर तासाला जाऊन तो वाचायचा, वहीतल्या चौकोनात आकडा लिहायचा. दिवस संपला की सर पान बघणार आणि खाली ‘तपासले’ म्हणून सही करणार. नुसता पोरखेळ.

शेवटच्या आठवड्यात मावशींनी तिला निरोप म्हणून दुपारी धुण्याच्या खोलीत बसवून घेतलं. गप्पा काय, साहेबांच्या नकला काय, हसून हसून मुरकुंडी वळली. भानावर आली तेव्हा पावणेपाच झाले होते. तीनचा आणि चारचा चौकोन रिकामा. सकाळपासून चाळीसच तर येत होतं! तिनं टेबलाशी बसल्या बसल्या दोन्हीकडे चाळीस ठोकून दिलं आणि घर गाठलं.

दुसऱ्या दिवशी पानाखाली सरांची सही होती. तिला हायसं वाटलं, आणि लगेच स्वतःची लाजही वाटली. दोनदा ती सरांच्या टेबलापर्यंत गेली नि परत फिरली. सांगितलं असतं तर प्रमाणपत्र गेलं असतं, वर्ष बुडालं असतं. मग तोंडाला कुलूप लावून ती प्रमाणपत्र घेऊन निघून गेली.

आता तिनं हे सगळं एका दमात सांगून टाकलं. सरांच्या पत्नी, काकू, बिस्किटांची बशी घेऊन दारातच थबकल्या होत्या. तिला त्याचंही भान नव्हतं.

सर हसायला लागले. ठसका लागेपर्यंत हसले.

“अगं वेडे, थर्मामीटर होताच कुठं कपाटात? पाऱ्याचा धागा तुटून आकडा चुकायला लागला म्हणून अडीचलाच मी तो काढून खिशात घातला होता. नवा बसवला तो पाचला. नसलेला थर्मामीटर वाचणारी तू पहिलीच!”

“म्हणजे तुम्हाला त्याच दिवशी कळलं होतं? मग सही कशी केलीत, सर?”

“मग काय करायचं होतं? बोभाटा करून तुझं वर्ष बुडवायचं? चुकली होतीस, वाईट नव्हतीस. घे आता, चहा पार निवला.”

ती रडली, मग रडता रडता हसली. पुढं तासभर दोघं मावशींबद्दल, त्या खिडकीबद्दल, मोरीत ओतलेल्या फ्लास्कांबद्दल बोलत बसले. तीस वर्षांचं ओझं असं बोलता बोलता उतरेल, हे तिला खरंच वाटेना. निघताना तिनं उद्याच्या खुर्चीचा विषय काढला, तेव्हा सर म्हणाले, “बस की बिनधास्त.”

काकू जिन्यापर्यंत पोचवायला आल्या. तिथं त्यांनी तिचा हात धरला. रागानं नाही, जपून जा म्हणताना धरतात तसा.

“तू गेलीस ना, त्याच्या पुढच्याच महिन्यात यांनी प्रयोगशाळा सोडली,” त्या हळूच म्हणाल्या. “एवढी जीव की प्राण नोकरी! जन्मभर घरी शिकवण्या करत बसले. का सोडली विचारलं की एकच म्हणायचे, ‘खोट्याखाली एकदा सही झाली, आता खऱ्याखालीही हात उठत नाही.’ कसलं खोटं, ते मला आज कळलं.”