मोबाईलबंदी

नातीला मोबाईल अजिबात दाखवायचा नाही, असा नियम सुनेने केला तेव्हा मला फार बरं वाटलं. माझी पोरं रिकामे डबे आणि चमचे बडवत मोठी झाली. टेबलाखालून आवाज येतोय एवढं मला पुरायचं. ती काय खेळतात, हे मी कधी वाकून पाहिलं नाही.

काल नात पुढच्या खोलीत ठोकळ्यांचं घर रचत होती. जीभ बाहेर काढून अगदी रंगात आली होती. एवढ्यात सून आली, तिने स्टँडवर मोबाईल लावला आणि ते घर हाताने पाडून टाकलं.

"पुन्हा रच गं चिमणे. मघाशी उजेड नव्हता. इकडे तोंड कर, आणि हस."

"अगं, खेळू दे की तिला!"

"अहो आई, 'मोबाईलशिवाय रमणारं मूल' म्हणून कितीतरी आया हिचे व्हिडिओ बघतात. त्यांना रोज नवीन काहीतरी लागतं."

पोरीने मुकाट्याने घर रचलं. सुनेला पसंत पडलं नाही, तिने परत पाडलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"पोटच्या पोरीचा तमाशा मांडलायस, आणि वर जगाला शहाणपण शिकवतेस?" मी मोबाईल स्टँडवरून ओढला आणि पालथा घातला. सून तणतणत आत निघून गेली.

नात मला बिलगली आणि हळूच म्हणाली,



"आजी, आता नाही हसलं तर चालेल?"